एसटीपी बांधाल, पण चालवणार कोण? नगरपरिषदेच्या नव्या सभागृहाला खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष व सर्व सन्माननीय नगरसेवक-नगरसेविका

विषय : मलनिस्सारण प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी तो चालवण्याची तरतूद करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

निवडणूक झाली, गुलाल धुऊन निघाला. इतकी वर्षं प्रशासकाच्या सहीवर चाललेल्या नगरपरिषदेत पुन्हा लोकांनी निवडून दिलेली माणसं बसली, याचा आनंद आहे. आता लवकरच तुमच्यापुढे एक जाडजूड फाईल येईल. भुयारी गटार आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, म्हणजेच एसटीपी. वर रंगीत नकाशा, आत कोटींचे आकडे. कन्सल्टंट लॅपटॉप लावून सादरीकरण करील, मागच्या बाकावरून कुणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणेल आणि सभा पुढच्या विषयाकडे वळेल. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, गोदावरीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याकडे वरून लक्ष आहे. अशा दिवसांत अशा फायली अडत नाहीत.

फाईल अडवा असं मी म्हणत नाही. सांडपाणी केंद्र हवंच. आपल्या गावाची सगळी घाण ज्या नाल्याने जाते तो नदीला मिळतो आणि ती नदी पुढे गोदावरीला. माझं म्हणणं एवढंच की, ते केंद्र बांधण्याच्या ठरावाबरोबर ते चालवण्याचा ठराव करा, एकाच सभेत, एकाच विषयपत्रिकेवर. दुसरा ठराव होत नसेल तर पहिल्याला हात वर करू नका.

हे सांगणारा मी कोण? सांडपाणी केंद्रावर ऑपरेटर म्हणून हयात घालवलेला माणूस. केंद्र कुठलं ते लिहीत नाही, तिथे माझ्या हाताखाली शिकलेली पोरं अजून नोकरीला आहेत. तुमच्या गावाचं नावही पत्रात घातलेलं नाही, कारण जिल्ह्यात गोदावरीच्या खोऱ्यातल्या कुठल्याही नगरपरिषदेला हे पत्र लागू पडेल.

आधी आकडे. डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात, पाण्याचा हिशेब माणशी रोज 135 लिटर धरलेला असतो आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी म्हणून गटारीत येतं असं मानतात. समजा गाव चाळीस हजारांचं. पाणी झालं 54 लाख लिटर, सांडपाणी 43 लाख लिटर, म्हणजे कागदावर सव्वाचार ‘एमएलडी’ (एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर). त्यावर पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या चढवली की केंद्र सहा-सात एमएलडीचं होतं. आता हा कागद बाजूला ठेवा आणि आपल्या नळाकडे बघा. माणशी 135 लिटर कुणाच्या घरात येतं? मनमाडच्या नळाला किती दिवसांनी पाणी यायचं हे सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे. येवला, नांदगावकडच्या लोकांना उन्हाळ्यातले टँकर नवे नाहीत. समजा माणशी 70 लिटर मिळतं. सांडपाणी निम्म्यावर आलं, साडेबावीस लाख लिटरच्या आसपास. त्यातही तिसरा हिस्सा घरंच गटारीला जोडलेली असतील तर केंद्रात पोचणार साडेसात लाख लिटर. सहा-सात एमएलडीच्या केंद्रात पाऊण एमएलडी!

हे ‘समजा’ मी हवेत सोडलेलं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज 72,368 एमएलडी सांडपाणी तयार होतं. बांधलेल्या केंद्रांची क्षमता 31,841 एमएलडी. प्रत्यक्षात शुद्ध होत होतं 20,236. म्हणजे केंद्रं कमी आहेत ही रड खरी, पण जी बांधली तीसुद्धा पोटभर चालत नाहीत. तीन लिटरची सोय केली तर तिच्यात दोन लिटरही पुरते जात नाहीत.

घरं जोडली का जात नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल, तुम्ही वॉर्डात फिरता. ठेकेदार रस्त्याच्या मधोमध पाईप टाकतो, चेंबर बांधतो, वरून डांबर ओढतो आणि बिल काढतो. पुढे घराच्या मोरीपासून चेंबरपर्यंतचं काम मालकाचं. म्हणजे मालकाने फरशी फोडायची, रस्ता फोडायची परवानगी काढायची, प्लंबर बघायचा, पैसे भरायचे. कशासाठी? त्याच्या परसात सेप्टिक टँक आहे, तिचा पाईप गटारीत सोडलेला आहे, त्याची काही अडचण नाही. तो कशाला खर्च करील? म्हणून घरजोडणी ठेक्याच्या आत घ्या. अंदाजपत्रकात तिचा वेगळा आकडा दिसू द्या. ठेकेदाराचं शेवटचं बिल किती मीटर पाईप टाकला यावर निघू नये, किती घरांचं पाणी केंद्रात आलं यावर निघावं. एवढी एक अट निविदेत घातलीत तरी अर्धं काम झालं असं मी समजेन.

आता केंद्राच्या आत या. पुढाऱ्यांना आणि साहेबांना आम्ही नेहमी शेवटच्या टाकीकडे न्यायचो, तिथे पाणी स्वच्छ दिसतं, फोटो चांगला येतो. तुम्ही मात्र पहिल्यांदा जाळीपाशी उभे राहा. सांडपाणी आत येतं तिथे लोखंडी गजांची जाळी असते. सकाळी सात ते दहा या वेळात तिच्यावर काय काय अडकतं ते बघा. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, सॅनिटरी पॅड, केसांचे गुंते, निर्माल्य, भांडी घासायच्या घासण्या, लग्नसराईत पत्रावळ्या. आपल्या भागात कांद्याची सालं तर बारमाही. एक माणूस दाताळं घेऊन हे ओढत राहतो. त्याने तासभर हात आखडला की जाळी तुंबते, पाणी वरून वाहतं आणि पिशव्या थेट पंपात जातात. पंप जळाला की नगरपरिषदेत ‘निकृष्ट यंत्रसामग्री’वर चर्चा. त्या माणसाला गमबूट दिलेत का, हातमोजे दिलेत का, त्याचा पगार ठेकेदाराकडून महिन्याच्या महिन्याला निघतो का, हे कुणी विचारत नाही.

जाळीनंतर वाळू बसायची टाकी, आणि मग खरा कारखाना : एरेशन टँक. तिथे घाण खाणारे जिवाणू पाळलेले असतात. त्यांना दोनच गोष्टी लागतात, खायला सांडपाणी आणि श्वासाला हवा. हवा ब्लोअरने खालून सोडतात. कारखाना ठीक चाललाय की नाही हे बघायला लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायची गरज नाही. एक लिटरचं काचेचं मेझरिंग सिलिंडर घ्या, टाकीतलं ढवळलेलं पाणी भरा आणि अर्धा तास हलवू नका. टाकी निरोगी असेल तर तपकिरी गाळ गुठळ्या धरून सावकाश खाली बसतो, सिलिंडरच्या साधारण पाव-तृतीयांश भागापर्यंत, आणि वर नितळ पाणी उरतं. वास ओल्या मातीसारखा. गाळ बसतच नसेल, फुगून वरवर राहत असेल तर काहीतरी बिघडलंय. काळा पडून नासल्यासारखा वास येत असेल तर हवा कमी पडतेय, बहुतेक ब्लोअर बंद होता. तुमच्यातला कुणीही, अगदी कॉमर्सचा पदवीधर असला तरी, हे अर्ध्या तासात बघू शकतो. न कळवता जा आणि ऑपरेटरला म्हणा, सिलिंडर लाव. सिलिंडर सापडलं नाही तर तिथेच उत्तर मिळालं.

ब्लोअर बंद का असतो? वीजबिलामुळे. या पद्धतीच्या केंद्राला एक एमएलडी सांडपाण्यामागे साधारण दीडशे ते दोनशे युनिट वीज लागते. चार एमएलडी पाणी आलं तर दिवसाला सहाशे ते आठशे युनिट, महिन्याला अठरा ते चोवीस हजार. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा आणि मग बघा की पथदिवे आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांची बिलं भरतानाच लेखापालाची काय अवस्था होते. स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, त्यात एक लाखाच्या आतल्या शहरांना सांडपाण्याच्या कामासाठी निधी आहे. बांधायचे पैसे असे वरून येतात, चालवायचे आपल्या घरपट्टीतून काढायचे. ठेक्यातली चालवून देण्याची मुदत आहे तोवर सगळं छान. मुदत संपली की आधी रात्रीचा ब्लोअर बंद होतो, मग एकाआड एक दिवस, मग ‘दुरुस्तीसाठी’. वीज गेल्यावर जनरेटरला डिझेल नसतं. चार-सहा तास हवा मिळाली नाही की जिवाणू नासायला लागतात, आणि एकदा टाकीतले जिवाणू मेले की ती पुन्हा चालू करायला आठवडे जातात.

म्हणून तंत्रज्ञान निवडताना कन्सल्टंटचा हात धरा. सगळीकडे सध्या ‘एसबीआर’ चालतं, म्हणजे एकाच टाकीत पाळीपाळीने हवा सोडायची आणि गाळ बसवायचा. पद्धत वाईट नाही, जागा कमी लागते, पाणी चांगलं निघतं. पण ती कॉम्प्युटरवर चालते. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, ब्लोअर कधी लावायचा, हे सगळं पॅनेल ठरवतं, आणि पॅनेलचं कार्ड गेलं की पुण्या-मुंबईहून माणूस येईपर्यंत तुमचा ऑपरेटर हातावर हात ठेवून बसतो. नाशिक महापालिकेला दाट वस्तीत जागा मिळत नाही, तिथे हे समजू शकतो. गावाबाहेर चार-पाच एकर गायरान असलेल्या नगरपरिषदेने तेच का घ्यावं? तलावांची साधी पद्धत आहे, तिला वीज नावापुरती लागते. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेलं फायटोरिड आहे, त्यात पाणकणीस, कर्दळ अशा झाडांच्या मुळांतून पाणी फिरवतात. यांना जागा जास्त लागते आणि नुसत्या तलावांनी कडक मानकं गाठता येत नाहीत, हे कबूल. पण तुलना तरी मागा! बांधायचा खर्च आणि पुढच्या पंधरा वर्षांचा चालवायचा खर्च, दोन्ही शेजारी शेजारी लिहून आणा, असं सांगा. ज्याला फी प्रकल्पाच्या किमतीच्या टक्क्यावर मिळते तो स्वस्त पर्याय स्वतःहून पुढे करणार नाही. त्यात त्याचा दोष काढण्यासारखं काही नाही, विचारणं आपलं काम आहे.

मानकांचा विषय निघालाच आहे तर, फाईलमध्ये ‘बीओडी’ शब्द शोधा. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू खातात त्याचं ते माप. जितका कमी तितकं पाणी चांगलं. 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरं सोडून बाकीच्या ठिकाणी लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली होती. 30 एप्रिल 2019 ला राष्ट्रीय हरित लवादाने ती 10 वर आणायला सांगितलं. तपोवन, आगरटाकळीसारख्या जुन्या केंद्रांचं आधुनिकीकरण नाशिक महापालिकेला काढावं लागलं ते या बदललेल्या आकड्यामुळेच. तुमच्या डीपीआरमध्ये 30 लिहिलेलं असेल तर तो आजच जुना झालाय.

आकडा कागदावर 10 असला तरी तो खरा कशावरून? इथे एक गोष्ट सांगतो, जिथे घडली त्या ठिकाणाचं नाव नको. नमुना घ्यायला साहेब येणार हे आदल्या दिवशी कळायचं. त्या सकाळी शेवटच्या टाकीत स्वच्छ पाण्याचा टँकर रिकामा व्हायचा, क्लोरीन सढळ हाताने पडायचं आणि रिपोर्ट झकास यायचा. वर्षाचे बाकीचे दिवस नाल्याखालच्या शेतकऱ्यांना माहीत होते. त्यांना रिपोर्ट वाचायची गरजच नव्हती, त्यांच्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला काळा चिखल लागायचा.

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाटबंधारे खात्याचा आकडा विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढं कळलं की त्याला पूर कळतो. सांडपाण्यालाही असंच सगळ्यांना दिसेल असं माप लावा. नगरपरिषदेच्या दारात, जन्म-मृत्यू दाखल्याच्या खिडकीशेजारी एक फळा. त्यावर रोजचं लिहायचं : काल केंद्रात किती पाणी आलं, ब्लोअर किती तास चालला, अर्ध्या तासात गाळ किती बसला. महिन्यातून एकदा बीओडी. खडूने लिहिलं तरी चालेल. महिनाभर एकच आकडा दिसला तर फळ्यापुढून जाणारा शाळकरी पोरगाही ओळखेल की कुणीतरी खोटं लिहितंय.

दुसरा मुद्दा कमी मानाचा आहे, पण माझ्या मते पहिल्याहून निकडीचा. भुयारी गटार आज मंजूर झाली तरी पाणी वाहायला काही वर्षं जातील. तोवर आणि त्यानंतरही कित्येक घरांचं सगळं सेप्टिक टँकमध्येच जाणार. ही टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. आपल्याकडे ती तुंबून संडासातून उलटं येईपर्यंत कुणी झाकण उघडत नाही. दहा-पंधरा वर्षं न उपसलेली टाकी गाळाने भरलेली असते, वरून आलेलं तसंच्या तसं गटारीत जातं. शोषखड्डा म्हणाल तर आपल्या काळ्या मातीत आणि खालच्या खडकात तो काय शोषणार! आणि मैला उपसणारी खासगी गाडी ती भरून कुठे जाते? रात्रीच्या वेळी ओढ्यावर, नाहीतर कुणाच्या पडीक रानात. तुमच्यापैकी कुणी एका गाडीच्या मागे मोटरसायकल घालून बघा.

यावर उपाय शोधायला परदेश दौरा नको, सिन्नरला जा. सिन्नर नगरपरिषदेने, तशीच साताऱ्याकडच्या वाई नगरपरिषदेने, टाक्या ठरावीक वर्षांनी पाळीपाळीने उपसायची पद्धत घातली. तक्रारीची वाट बघायची नाही, गल्लीचा नंबर आला की गाडी येते. त्यासाठी स्वच्छता कर लावला, त्यामुळे गाडी आली की दारात पैशांची घासाघीस नाही, आणि गोळा केलेला मैला शुद्ध करायला वेगळं केंद्र बांधलं. एसटीपीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे आणि काम वर्षभरात सुरू होऊ शकतं. फक्त त्याला कोनशिला लहान लागते.

टाकीचं काम निघालंय म्हणून एक इशारा. टाकीत माणूस उतरवायचा नाही. कुणीही, कितीही कमी वेळासाठी. आतल्या वायूला आधी कुजक्या अंड्याचा वास येतो, तो वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं, आता ठीक आहे. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. 2013 च्या कायद्याने हे काम माणसाकडून असं करून घ्यायला बंदी आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख केली. ठेकेदाराच्या करारात ‘जबाबदारी ठेकेदाराची’ असं एक वाक्य असतं. त्यावर विसंबून सही करू नका, माणूस आपल्याच गावचा असतो.

शेतकऱ्यांबद्दल थोडं. शुद्ध झालेलं पाणी पुन्हा नाल्यात सोडून द्यायचं की त्याचा उपयोग करायचा, हे फाईलमध्ये दोन ओळींत उरकलेलं असेल. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. आपल्या गावाशेजारी वीज केंद्र नसेल, पण उन्हाळ्यात बोअर आटल्यावर बाग कशी जगवायची या विवंचनेतली माणसं आहेत. आज तीच माणसं नाल्यावर मोटार टाकून कच्चं सांडपाणी मेथी-कोथिंबिरीला देतात आणि ती भाजी आपण आठवडे बाजारातून आणतो. त्यांना केंद्राच्या समितीवर घ्या. ज्याला रोज ते पाणी हवंय तो ब्लोअर बंद पडू देणार नाही, तुमच्या कुठल्याही निरीक्षकापेक्षा तो आधी ओरडेल.

आणि खाली काय आहे तेही नकाशात बघा. जिल्ह्याच्या नाल्यांचं पाणी घेऊन गोदावरी निफाड तालुक्यात कादवेला भेटते, तिथे नांदूरमध्यमेश्वर. 2020 मध्ये राज्यातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. थंडीत पक्षी बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतात. आपण मात्र त्या पक्ष्यांना वरून जे पाठवतो त्यावर पाणवेली पोसतात. तिथून कालवे निघतात, नदी पुढे पैठणच्या नाथसागरात जाते. वरच्या आणि खालच्या धरणांच्या समन्यायी पाणीवाटपावरून पाऊस कमी पडला की मराठवाड्याशी आपले तंटेबखेडे होतात, किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचं यावर. कसलं पाणी सोडतो यावर ते भांडायला लागले तर आपल्याकडे बोलायला तोंड नसेल.

तर मागणी. येत्या अंदाजपत्रकात ‘सांडपाणी केंद्र, चालवणे व देखभाल’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा आणि त्यातला पैसा दुसरीकडे वळवायचा नाही असा ठराव करा. वाढीव कर लावावा लागला तर लावा. शिव्या बसतील, पण फळ्यावर आकडे दिसत असतील तर कमी बसतील. डीपीआर परत पाठवून पाण्याचा हिशेब प्रत्यक्ष पुरवठ्यावर मागवा आणि केंद्र टप्प्याटप्प्याने बांधता येईल असं घ्या, आधी दोन एमएलडी, मागून दोन. निविदेत घरजोडणीची अट घाला. सेप्टिक टँकच्या उपशाचं काम एसटीपीची वाट न बघता सुरू करा.

मंजुरीच्या सभेला मी प्रेक्षक म्हणून येऊन बसेन. त्याआधी कुणाला एखादं चालू केंद्र आतून बघायचं असेल तर मी बरोबर येतो, सिलिंडर माझ्याकडे आहे. फक्त सकाळी सातला निघावं लागेल, दहानंतर जाळी साफ झालेली असते.

कळावे,

आपला,
एक निवृत्त प्लँट ऑपरेटर
जि. नाशिक